पाण्याची चार क्रियापदं

लवंगेची चार रोपं ओटीवर येऊन उभी राहिली तेव्हा जोगळेकर मास्तरांनी सगळ्यांकडे एकदा बघून विचारलं, "हे बघणार कोण?" गोदाच्या कडेवर नऊ महिन्यांची साऊ होती आणि तोंडात साऊच्या झबल्याची नाडी, गाठ सोडवायला धरलेली. तशीच ती म्हणाली, "मी बघीन." नाडीमुळे ते "मी मघीन" असं ऐकू आलं. पण मास्तरांचा जन्म पोरांचे तोतरे पाढे ऐकण्यात गेलेला. त्यांना बरोबर कळलं.

"सून पुण्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकलेली आहे आपली," ते यमुनाबाईंना म्हणाले.

"शिकली असेल," यमुनाबाई म्हणाल्या. "लवंग डब्यात ठेवायची असते एवढं मला ठाऊक आहे."

रोपं आणली होती गुलाम रसूलनं. राजिवडा बंदरातला हा गलबताचा तांडेल मास्तरांचा जुना विद्यार्थी. तीस वर्षांपूर्वी मराठी चौथीत मास्तरांनी त्याला जंजिबार बेट कशासाठी प्रसिद्ध आहे म्हणून विचारलं होतं. ते आलं नाही म्हणून दोन छड्या मारल्या. पुढं गलबतावर चढून तो दर वर्षी खुद्द जंजिबारलाच जाऊ लागला. यंदा चैत्रात परतताना त्यानं रॉकेलच्या डब्यात ओल्या काथ्यात बांधून सहा रोपं आणली होती, वाटेत आपल्या वाटणीच्या पिण्याच्या पाण्यातला घोट घोट त्यांना पाजत. दोन घरी बायकोकडे, कुलसुमकडे, ठेवली आणि चार मास्तरांच्या पायरीवर आणून मांडली. "उत्तर आणलंय, मास्तर," तो म्हणाला. "जरा उशीर झाला."

मास्तर त्या दिवशी जेवताना दोनदा उठून रोपं बघून आले. पेन्शनीत निघाल्यापासून त्यांना असं कोणी काही आणून दिलं नव्हतं.

गोदानं काम मनावर घेतलं. तिचा नवरा सदाशिव खेडच्या कचेरीत बदलून गेला होता. तिथं बिऱ्हाड मिळेपर्यंत ती लेकीला घेऊन रत्नागिरीत सासू-सासऱ्यांकडे होती. लग्नाला तीन वर्षं झाली, पण ह्या घरात आपणहून मागून घेतलेली ही तिची पहिली गोष्ट. चार कुंड्या तिनं पडवीत गजांच्या आडोशाला ओळीनं मांडल्या, कारण वैशाखाचं ऊन त्या कोवळ्या पानांना सोसवलं नसतं. सारवलेली जमीन खराब होऊ नये म्हणून प्रत्येकीखाली मातीचा एकेक पसरट परळ ठेवला. बागकामावरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक तिच्या ट्रंकेत होतं. त्यात लिहिलं होतं की कोवळ्या रोपांची माती सदैव ओलसर असावी. म्हणून सकाळी एक पेला आणि संध्याकाळी एक पेला, घड्याळ बघून.

तिचा स्वभावच तसा होता. साऊ झोपली की नाकाखाली बोट धरून श्वास चालू आहे ना ते बघायची, आणि श्वास चालू आहे म्हटल्यावर तो जरा जोरात तर नाही ना, अशी शंका काढायची. पुण्याहून आणलेला थर्मामीटर देवघराच्या फडताळात गंगेच्या गडूशेजारी असायचा. यमुनाबाई त्याला काचेची काडी म्हणत. "पोरीला ताप नसला तरी त्या काडीनं येईल," असंही म्हणत.

दहा दिवसांनी पहिलं रोप मान टाकू लागलं. पानांच्या कडा पिवळ्या पडल्या, शेंडा काळा झाला. गोदाला वाटलं, उन्हाळा आहे, तहान लागत असेल. तिनं दुपारचा तिसरा पेला सुरू केला. रोप गेलं. मग शेजारचं गेलं, तसंच पिवळं होऊन. उरलेल्या दोघांपैकी एकाची दोन पानं लोंबायला लागली तेव्हा मास्तर पडवीत येऊन उभे राहिले.

"सूनबाई," ते म्हणाले, "गुलाम रसूल मुंबईस गेलाय तो गुरुवारच्या बोटीनं येतोय. त्याला निरोप धाडलाय. ही दोन कुलसुमकडे नेऊ दे. तिच्याकडची जगलीत म्हणतात. जगलेली बरी."

रागावून बोलले असते तर गोदाला सोसलं असतं. ते समजुतीनं बोलले. नापास झालेल्या मुलाला बाप घरी न्यायला येतो तेव्हा मास्तर ज्या आवाजात बोलतात, तोच आवाज होता. आणि तो दिवस रविवार होता.

"गुरुवारपर्यंत माझ्याकडेच आहेत ना, मामंजी?"

"आहेत की," मास्तर म्हणाले आणि आत गेले.

सोमवारी सकाळी तिनं पहिली शंका फेडून घेतली. घरात आणखी कोणाचा हात तर रोपांना लागत नाही ना? मास्तर वर्तमानपत्र वाचत होते.

"मामंजी, रोपांना तुम्ही कधी पाणी घालता का?"

"छे. तुझ्याकडे सोपवलीत ना? मी कशाला मध्ये हात घालू?"

यमुनाबाई विळीवर बसल्या होत्या. "मी? अगो, देवाचं करून स्वयंपाकाचं बघता बघता माझी दुपार होते. झाडांना पाणी घालत बसायला मी काय माळीण आहे?"

विहिरीवरून पाणी भरणारी जनी दारात कळशी टेकवून उभी होती. तिलाही विचारलं.

"न्हाय वो वयनीबाय. मी कशाला घालू? तुमी घालताय की."

तिघंही खरं बोलली. त्यांच्या खरेपणाबद्दल गोदाला तेव्हाही संशय नव्हता आणि पुढं सगळं उघड झाल्यावरही आला नाही.

मग राहिली माती, खारा वारा आणि मुंग्या. पण खारा वारा राजिवड्याला इथल्यापेक्षा जास्त, आणि माती तर दोन्हीकडे एकाच वाडीतली. तिनं ठरवलं की जिची जगलीत तिलाच विचारावं. यमुनाबाईंकडे परवानगी मागितली.

"राजिवड्यात?" यमुनाबाईंनी विळी आडवी केली. "जा. ह्यांचा विद्यार्थी आहे, नाही कसं म्हणू? पण आल्यावर अंघोळ करून मगच चुलीशी ये. आणि पोरीला उन्हात नेऊ नको. ठेव माझ्याजवळ."

"ती उठली तर दूध कोमट द्यायचं, ऊन नको. पालथी झाली तर कुशीवर वळवा. आणि पाळण्याची दोरी जरा..."

"अगो, तुझा नवरा मीच वाढवलाय," यमुनाबाई म्हणाल्या. "जगलाय तो."

जनीला सोबत घेऊन गोदा राजिवड्याला गेली. कुलसुम चाळिशीची, ठेंगणी, हातात काचेच्या बांगड्यांची चळत. मास्तरांची सून म्हटल्यावर तिनं अंगणात पाट मांडला आणि शहाळं फोडायला सांगितलं. गोदा शहाळं घेईल की नाही ह्याचा अंदाज घेत ती उभी राहिली. गोदानं घेतलं. मग ती मोकळी झाली.

रोपं माजघराच्या खिडकीत होती. वीतभर उंच, पानं तेल लावल्यासारखी चकचकीत, आणि शेंड्याला तांब्याच्या रंगाची नवी पालवी. गोदानं ती बघितली, दुसऱ्याचं गुटगुटीत मूल बघावं तशी.

"रोज किती पाणी घालता?"

"रोज कुठलं? आज चौथा दिवस. थांब, विचारते." असं म्हणून कुलसुमनं मुठीचं एक हाड पुढं काढलं आणि कुंडीवर टकटक केलं. कुंडी ठण वाजली. "ही मागतेय. हिला आज देईन." दुसरीवर टकटक केलं. तो आवाज बद्द आला. "हिचं पोट भरलेलं आहे. हिला उद्यासुद्धा नाही. फणस वाजवून बघतेस ना? तसंच."

फणस यमुनाबाई वाजवीत. गोदाला अजून कच्चा-पिकला कळत नसे. पण कुंड्यांच्या आवाजातला फरक बहिऱ्यालाही कळला असता.

"माझ्या पुस्तकात लिहिलंय, माती सदैव ओलसर ठेवावी."

"असेल. पुस्तकवाल्याच्या घरात माणसं किती?"

"म्हणजे?"

"माझ्याकडे अकरा आहेत. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी लाड केले. सासूनं एकदा, नणंदेनं एकदा, पोरं तर येता-जाता. पानं पिवळी पडायला लागली तशी मी कुंड्या उचलून आत आणल्या, आणि सांगितलं, जो हात लावील त्याचं जेवण बंद. पुस्तकवाला बिचारा एकटाच राहत असणार."

"आमच्याकडे मी सोडून कोणी घालत नाही," गोदा म्हणाली. "मी सगळ्यांना विचारलंय."

"मग तुझ्या एकटीच्या हातानं बुडाली असतील," कुलसुम म्हणाली. लागेल असं बोलून तिनं लगेच शहाळ्यातली मलई काढून पुढं केली, त्यामुळे ते फारसं लागलं नाही.

घरी येऊन अंघोळ झाल्यावर गोदा ओल्या केसांनीच कुंड्यांपाशी बसली. टकटक केलं. बद्द. दुसरी. बद्द. परळ काठोकाठ भरलेले होते. तीन पेले, एवढंसं रोप. वनस्पतिशास्त्राच्या पेपरात तिनं स्वतः लिहिलं होतं की मुळं श्वास घेतात. साठ टक्के मार्क पडले होते त्या पेपरात, आणि इथं तिनं त्या मुळांच्या नाकातोंडात पाणी जाऊ दिलं होतं. तिनं परळ अंगणात उपडे केले आणि पेला स्वयंपाकघरात नेऊन ठेवला.

आता पाणी बंद.

मंगळवारी सकाळी तिनं मातीत बोट खुपसलं. दुसऱ्या पेरापर्यंत चिखल. एका दिवसात वाळणार नाही, ठीक आहे. पण संध्याकाळी बघते तर परळात पुन्हा बोटभर पाणी. कुंडीला झरा फुटला असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर कोणीतरी पाणी घालत होतं, आणि ह्या घरातली तिन्ही माणसं तर साफ नाही म्हणाली होती.

बुधवारी उजाडायच्या आत ती पाळणा घेऊन ओटीच्या कोपऱ्यात बसली. तिथून पडवी समोर दिसायची. साऊला झोपवायला बसल्याचा बहाणा होता. नेमकी त्या दिवशी साऊ कधी नव्हे ती गाढ झोपली होती. त्यामुळे झोपलेल्या पोरीलाच गोदाला झोके देत बसावं लागलं.

पहिली आली जनी. हंडा भरून झाला, कळशीच्या तळाला वाईच पाणी उरलं. ते घेऊन विहिरीपर्यंत परत कोण जाणार? जाता जाता तिनं ते उजवीकडच्या कुंडीत ओतलं, शेवटच्या थेंबासाठी कळशी हलवली आणि चालू लागली.

मग यमुनाबाई. पूजा आटोपून, देवांना घातलेल्या अंघोळीचं पाणी वाटीत घेऊन आल्या. कुंड्यांसमोर उभ्या राहिल्या, ओठ हलले. दोन बोटांनी पानांवर शिंपडलं आणि राहिलेलं दोन्हींत समसमान ओतलं. एका कुंडीत चार थेंब जास्त पडले असं वाटलं म्हणून दुसरीत चार थेंब टाकून फिटंफाट केली.

आणि शेवटी मास्तर. संध्या आटोपली होती. अंगावर नुसतं धोतर आणि उपरणं, दोन्ही हातांत ताम्हन. ते पडवीच्या कडेपर्यंत आले. खाली अंगणात तुळस होती आणि मध्ये नऊ पायऱ्या. मास्तरांनी पायऱ्यांकडे बघितलं, तुळशीकडे बघितलं, मग हळूच वळले. अर्धं ताम्हन एका कुंडीत, अर्धं दुसऱ्या. रिकामं ताम्हन त्यांनी डोळ्यांना लावलं. आत जाताना एका हातानं भिंतीचा आधार घेतला, तोही गोदानं बघितला.

ती झोके द्यायची थांबली. साऊ लगेच जागी झाली.

जनी अजून मागीलदारी होती. गोदा साऊला घेऊन तिच्याकडे गेली. "जने, तू म्हणालीस पाणी घालत नाहीस."

"न्हाय घालत."

"मघाशी कळशीतलं ओतलंस ते?"

"त्ये व्हय?" जनी मनापासून चकित झाली. "त्ये टाकलंय, वयनीबाय. उरल्यालं टाकायचं. घालायचं म्हंजी मुद्दाम घेऊन यावं लागतं."

यमुनाबाई चुलीपाशी होत्या. त्यांना विचारायला गोदाला जरा धीर करावा लागला, पण जनीच्या उत्तरानंतर दुसरं उत्तर ऐकल्याशिवाय तिला राहवेना.

"ते पाणी घालणं नव्हे गो," यमुनाबाई म्हणाल्या. "तीर्थ दाखवते. समुद्र ओलांडून आलेली, कुठकुठल्या हातांतून. बोटीवर काय काय शिजलं असेल. देवाचं पाणी लागू दे म्हटलं अंगाला."

"रोज दाखवता?"

"एकदा दाखवून एवढा समुद्र उतरतो होय?"

गोदाला हसू आवरणं कठीण गेलं. तिनं सगळं मनाशी मांडलं. जनी टाकते, सासूबाई दाखवतात, आपण घालत होतो. आणि मामंजी? मामंजी सोडतात. संध्येचं पाणी सोडायचं असतं. म्हणूनच तिघांतलं कोणीही खोटं बोललेलं नव्हतं. तिनं प्रश्नच चुकीच्या क्रियापदात विचारला होता.

जनीला सांगता आलं, यापुढं उरलेलं पाणी केळीच्या बुंध्यात टाक. सासूबाईंनाही आडवळणानं सांगता आलं असतं. पण सासऱ्याला सुनेनं कसं सांगावं की तुमच्या संध्येच्या पाण्यानं तुमचीच लाडकी रोपं मरताहेत? आणि सांगितलं नाही तर उद्या गुरुवार. गोदा सकाळभर विचार करत राहिली. साऊला दोनदा दूध पाजलं, एकदा थर्मामीटर लावला, तो तिनं चावायचा प्रयत्न केला म्हणून काढून घेतला. दुपारी मास्तर झोपाळ्यावर सुपारी कातरत बसले तेव्हा ती समोर जाऊन उभी राहिली.

"मामंजी, एक व्याकरणातली शंका होती."

मास्तरांनी अडकित्ता खाली ठेवला. पेन्शनीत निघाल्यापासून त्यांना व्याकरणातली शंका कोणी विचारलेली नव्हती. "बस," ते म्हणाले. "बोल."

"घालणे, टाकणे, दाखवणे, सोडणे. ही क्रियापदं सकर्मक आहेत का?"

"चारही सकर्मक. इंटर पास झालेल्या मुलीनं विचारण्याजोगी शंका नव्हे ही."

"चारहींचं कर्म पाणी असलं, तर अर्थ एकच की निराळा?"

"निराळा म्हणजे? जमीन-अस्मानाचा फरक." मास्तरांनी मांडी बदलली, गुडघ्याला हात लावून. "पाणी घालतो ते झाडाला, ते वाढावं म्हणून. टाकतो ते नकोसं झालेलं. दाखवतो ते गुरांना."

"आणि तीर्थ?"

"तीर्थ देतात. दाखवत नाहीत."

"सासूबाई दाखवतात."

"ती काहीही दाखवील. आणि सोडणं हे ह्या सगळ्यांत वरचं. हातावर पाणी घेऊन संकल्पपूर्वक सोडतात. त्यानंतर त्यात आपलं असं काही उरत नाही. म्हणून तर आपण म्हणतो, अमक्यानं आपल्या हक्कावर पाणी सोडलं, तमक्यानं इस्टेटीवर..."

इथं मास्तर थांबले. झोपाळ्याची कडी तेवढी कुरकुरत राहिली. गोदानं मान खाली घातली होती, पण आवाज खाली गेला नाही.

"रोपाला ह्यातलं कुठलं क्रियापद कळतं, मामंजी?"

मास्तर खिडकीतून पडवीकडे बघत राहिले.

"रोपाला व्याकरण नसतं," ते म्हणाले. मग, "बघितलंस वाटतं ताम्हन."

"हो. आज सकाळी."

"हं."

"पण सर्वांत जास्त पाणी माझंच होतं. दिवसाला तीन पेले. तुमचं ताम्हन म्हणजे अर्ध्या पेल्याच्या वर नाही. चौघांचं मिळून पाच पेले होत होते."

मास्तरांनी पाच पेल्यांवर थोडा विचार केला. "संध्येचं पाणी पायदळी जाता कामा नये," ते म्हणाले. हुकूम म्हणून नव्हे, अडचण म्हणून.

"तुळशीत सोडत होता ना पूर्वी?"

"नऊ पायऱ्या आहेत," मास्तर म्हणाले.

गुडघ्यांबद्दल ते त्या घरात कोणाशी कधी बोलले नव्हते, आणि तेव्हाही त्याहून जास्त बोलले नाहीत. विहिरीमागं कुंपणाला पोफळीचं एक चिरलेलं खोड पडलेलं गोदाच्या डोळ्यांसमोर होतं. बागांतून पाणी न्यायला असल्या पन्हळी लावतात हे तिनं इथं येऊन बघितलं होतं. तिनं जनीच्या नवऱ्याला, धोंडूला, बोलावून घेतलं.

दिवस मावळायच्या आत पन्हळ बसली. एक तोंड पडवीच्या कडेला, हाताला येईल अशा उंचीवर, आणि दुसरं थेट तुळशीवृंदावनाच्या कठड्यावर. धोंडूनं उतार बघायला तांब्याभर पाणी सोडून बघितलं. मास्तरांनी सायंसंध्या केली, ताम्हन घेऊन आले आणि उभ्या उभ्या पन्हळीत रिकामं केलं. पाणी पायऱ्यांच्या वरून तुरुतुरु पळत गेलं आणि तुळशीच्या मुळाशी जाऊन मुरलं. कोणाच्या पायाखाली एक थेंब सांडला नाही.

मास्तरांनी ताम्हन डोळ्यांना लावलं. "भगीरथाला एवढं सोपं गेलं नव्हतं," ते म्हणाले.

यमुनाबाई पदराला हात पुसत दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी पन्हळीचं वरचं तोंड, खालचं तोंड आणि सुनेचं तोंड, तिन्ही नीट बघून घेतली. "माझंही ह्यातूनच जाईल मग," म्हणाल्या. "रोपांचा समुद्र उतरला असेल एव्हाना. महिना झाला."

गुरुवारी बोट उशिरा लागली. गुलाम रसूल बंदरावरून सामानासकट थेट मास्तरांकडे आला. पायरीवर वळकटी टाकली, सलाम केला आणि बसायच्या आधी कुंड्या बघायला गेला. मुठीनं वाजवल्या. "अजून बद्द वाजतायत," म्हणाला. "काय झालं, मास्तर?"

गोदा दाराच्या चौकटीत साऊला घेऊन उभी होती. ती बोलणार तेवढ्यात मास्तरांनी हात वर केला.

"गुलाम रसूल, ही दोन तुझ्याकडे न्यायला म्हणून निरोप धाडला होता, तो मी मागे घेतो. जी दोन गेली ती सूनबाईनं घालवली असं मी समजत होतो. आम्ही चौघांनी मिळून घालवली. त्यातला अर्धा पेला माझा. आणि हे शोधून काढलं ते तिनं."

"मग छडी कोणाला?"

"तुला. असली नाजूक वस्तू आणलीस म्हणून."

गुलाम रसूल मोठ्यानं हसला. मग त्यानं खिशातून चाकू काढला, एक कुंडी आडवी केली आणि तळाला थापट्या मारून मातीचा गोळा अलगद हातावर घेतला. गोदा पुढं झाली. साऊला तिनं न बघताच सासूकडे दिलं आणि आपण हे न बघता केलं हे तिच्या नंतर ध्यानात आलं. तळाची मुळं काळी, बुळबुळीत होती आणि वास येत होता. पण वरच्या बाजूला चार-सहा मुळं पांढरी होती, कडक. दुसऱ्या रोपाची पांढरी जास्त निघाली.

"ही कापायची," गोदा म्हणाली.

"कापायची," गुलाम रसूल म्हणाला आणि चाकूची मूठ तिच्याकडे केली. "तुमचे हात बारीक आहेत."

तिनं कापली. साऊची नखं काढताना ती जेवढा वेळ घेई तेवढाच घेतला. सडलेलं सगळं काढलं, पांढऱ्याला धक्का लागू दिला नाही. धोंडूनं जांभ्याचा चुरा आणि वाळू आणली होती, ती कोरड्या मातीत मिसळून तिनं रोपं पुन्हा बसवली. परळ उचलून बाजूला ठेवले. जमिनीला डाग पडले तर पडोत, पुन्हा सारवता येईल.

चहा झाला. मास्तरांना आता हुरूप आला होता. "पंधरा दिवसांत मृग लागेल," ते म्हणाले. "आपल्या पालीच्या वाडीत पोफळींच्या सावलीला जागा आहे, ओढ्याकाठची. तिथं लावून टाकू. काय गुलाम रसूल?"

"पाऊस लागला की धरतील, मास्तर. मीही म्हणणारच होतो."

"मग ठरलं. धोंडूला सांगतो खड्डे..."

"नाही, मामंजी," गोदा म्हणाली.

आत यमुनाबाईंच्या हातातलं भांडं थांबल्यासारखं वाटलं. ह्या घरात ती "पण" म्हणत आली होती, "बघा बुवा" म्हणत आली होती. नुसतं "नाही" तिनं आजवर म्हटलं नव्हतं.

"मुळं अर्धी कापलीत," ती म्हणाली. "आपला पाऊस आठ-आठ दिवस थांबत नाही. तिथं त्याला कोण सांगणार, आता पुरे म्हणून? ह्या पावसाळ्यात रोपं आत, पडवीतच राहतील. माती मी बघीन, पाणी मी देईन, लागेल तेव्हा. पुढच्या मृगात गुडघाभर झाली की पालीला नेऊ."

गुलाम रसूलनं कपबशी खाली ठेवली आणि मास्तरांकडे बघितलं, वर्गात बघायचा तसा. मास्तर सुनेकडे बघत होते.

"पुढच्या मृगात," ते म्हणाले.

"हो."

"बरं." त्यांनी मान हलवली. मग जरा वेळानं, ओटीवरून त्या दोन बोडक्या रोपांकडे बघत विचारलं, "आणि आज? आज काय करायचं ह्यांचं?"

"आज काही नाही करायचं, मामंजी," गोदा म्हणाली. "उद्याही बहुधा नाही."

मास्तरांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि ते तसेच बसून राहिले.